आधी त्याचा वजीर काढून घ्या

"काकू, तुम्ही हरता कारण तुम्ही त्याला विचार करायला वेळ देता. तीन मिनिटांचा डाव लावा, मग बघा कसा गडबडतो."

हे मला नववीतल्या एका मुलानं सांगितलं, टॅबलेटवर मी ज्याच्याशी बुद्धिबळ खेळते त्या यंत्राबद्दल. बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या घरी माझे गणिताचे क्लास चालतात, शेवटची बॅच सातला सुटते. हा गडी वही दप्तरात कोंबता कोंबता बोलून गेला आणि मला ते पटलं. तीस वर्षं गणित शिकवतेय, तरी पटलं! त्या रात्री जेवणं झाल्यावर टॅबलेट घेऊन बसले आणि तीन मिनिटांचे ओळीनं चौदा डाव हरले. आमचे हे बातम्या बघत होते. पंधराव्या डावाला म्हणाले, "हात कसला आपटतेस? भिंत सगळ्यांची."

तेव्हापासून सव्वा वर्षात जे काही हाताला लागलं ते इथं लिहिते. माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे ज्यांना घोडा अडीच घरं चालतो एवढं नक्की येतं, मोबाइलवर माणसांशी खेळून पंधराशेच्या आसपास रेटिंग आहे, आणि कधीतरी एकदा यंत्राला मात द्यायची खुमखुमी आहे.

पहिल्यांदा त्या पोराचं गणित खोडते. डाव जितका झटपट, तितका फायदा यंत्राचा. माणूस घाईत चुकतो. यंत्र घाईत थोडं कमी खोल बघतं, एवढंच. आपल्या विश्वनाथन आनंदचंच घ्या. १९९८ मध्ये इटलीत तो रेबेल १० या प्रोग्रॅमशी आठ डाव खेळला. त्यातले चार झटपट, पाच-पाच मिनिटांचे. ते यंत्रानं ३-१ असे जिंकले. दोन मोठे, स्पर्धेच्या वेळेचे. ते आनंदनं दीड-अर्ध्यानं घेतले. माणूस तोच, प्रोग्रॅम तोच, बदललं फक्त घड्याळ. त्याआधी १९९४ मध्ये म्युनिकला जगज्जेता कास्पारोव्हसुद्धा पाच मिनिटांच्या डावात फ्रिट्झ या प्रोग्रॅमकडून हरला होता. मोठ्या वेळेच्या सामन्यात त्याला हरवायला यंत्राला पुढची तीन वर्षं लागली.

आणि "यंत्र जिंकतं ते मोठं मशीन असतं तेव्हाच" हेही डोक्यातून काढा. १९९७ चा डीप ब्लू हा खास बुद्धिबळाचा संगणक सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासायचा, तरी कास्पारोव्हशी जिंकला तो साडेतीन-अडीच असा, निसटता. २००९ मध्ये ब्युनोस आयरिसच्या एका स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ ४ नावाचा प्रोग्रॅम एका साध्या मोबाइलवर खेळला. तो सेकंदाला वीस हजारसुद्धा स्थिती बघत नव्हता, म्हणजे डीप ब्लूच्या दहा हजाराव्या भागाइतक्या, आणि त्यानं दहापैकी साडेनऊ गुण मिळवले. भाजी आणायला जाताना पिशवीत टाकतो तो फोन आज त्याच्याहून कितीतरी पुढं आहे. त्यामुळं बरोबरीनं बसायचा हट्ट सोडा.

तर, आधी त्याचा वजीर काढून घ्या.

यात लाज वाटायचं काही नाही. २०१६ मध्ये हिकारू नाकामुरा कोमोडो या प्रोग्रॅमशी चार डाव खेळला, ते सवलत घेऊन. कधी त्याचं प्यादं कमी, कधी आपल्याला काही चाली फुकट. नाकामुरा तेव्हा जगातल्या पहिल्या रांगेतला. तीन बरोबरीत सुटले, एक हरला. त्याला सवलत चालते तर दांडिया बाजारातल्या काकूंना का चालू नये?

करायचं असं. लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट उघडा, फुकट आहे, जाहिराती नाहीत. तिथं पट मांडायची एक वेगळी जागा आहे, बोर्ड एडिटर. त्यात काळ्याचा वजीर उचलून बाहेर टाका. बाकी काही हलवू नका, किल्लेकोटाच्या (राजा-हत्ती एकाच चालीत हलवायच्या) खुणा आहेत तशा राहू द्या. मग "इथून पुढं खेळा", त्यात "कॉम्प्युटरशी", बाजू पांढरी. समोर स्टॉकफिश या प्रोग्रॅमच्या एक ते आठ पायऱ्या येतील. पाचवीपासून सुरुवात करा. खालच्या पायऱ्यांवर तो मुद्दाम चुकतो, पण त्याच्या चुका विचित्र असतात: सात चाली उस्तादासारख्या आणि आठवीला हत्ती असाच ताटात वाढतो. त्यावर जिंकून शिकायला काही मिळत नाही. माणसासारखं चुकणारं यंत्र हवं असेल तर तिथंच माया नावाचे बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्रॅम, आहेत, माणसांच्या डावांवरून शिकवलेले. ११००, १५०० आणि १९०० अशा तीन ताकदींचे. सरावाला गोड.

आठव्या पायरीचा बिनवजिराचा स्टॉकफिश हरायला लागला की मगच लीला क्वीन ऑड्सकडं जा. हाही लिचेसवरचा बॉट, पण याची जात वेगळी. स्टॉकफिश असं धरून चालतो की समोरचा आपल्याइतकाच पक्का आहे. त्यामुळं वजीर नसला की त्याच्या दृष्टीनं डाव संपलेलाच, कुठलीही चाल केली तरी फळ तेच. लीलाच्या या अवताराला बिनवजिराचंच शिक्षण दिलंय. समोरचा माणूस आहे आणि चुकणार, हे तिला पाठ आहे. ती अदलाबदल टाळते, पट गुंतागुंतीचा ठेवते आणि वाट बघते. झटपट डावात तिनं ग्रँडमास्टरांनाही हरवलंय. पहिल्या आठवड्यात मी तिच्याशी जे खेळले त्याला खेळणं म्हणवत नाही.

वेळ किती लावावी? तीन अधिक शून्य, म्हणजे तीन मिनिटं आणि दर चालीला वरचे सेकंद शून्य, हे अजिबात नको. मी पाच अधिक तीननं सुरू केलं, आता तीन अधिक दोन खेळते. लिचेस डावाची लांबी चाळीस चाली धरून मोजतं: तीन अधिक दोन म्हणजे १८० आणि ८०, २६० सेकंद. पाच अधिक तीन म्हणजे ४२०. दोन्ही ब्लिट्झमध्येच, म्हणजे झटपट डावांतच, बसतात. पण ते वरचे दोन-तीन सेकंद म्हणजे जीव. वजीर जास्त असून डाव संपवायला शेवटी तीस-चाळीस साध्या चाली लागतात, आणि यंत्राचं घड्याळ कधी पडत नाही. सुरुवातीला दोनदा माझ्याकडं वजीर, हत्ती, चार प्यादी, समोर नुसता राजा आणि प्यादं, आणि माझी वेळ संपलेली. त्यातल्या एका रात्री मी दूध गॅसवर विसरले होते, तेही उतू गेलं.

आता खेळायचं कसं.

डेव्हिड लेव्ही नावाचा स्कॉटिश मास्टर होता. १९६८ मध्ये त्यानं पैज लावली की दहा वर्षांत एकही प्रोग्रॅम मला सामन्यात हरवणार नाही, आणि १९७८ मध्ये चेस ४.७ ला हरवून पैज जिंकला. यंत्राशी खेळायची त्याची रीत एका ओळीत मावते: काहीच करू नका, पण ते नीट करा. आम्हा बडोद्याच्या लोकांना हे उत्तरायणाला गच्चीवर कळतं. समोरच्याचा मांजा तुमच्यापेक्षा भारी असेल तर खेच लावायला जायचं नाही. ढील द्यायची. देत राहायची.

हीच ढील २००८ मध्ये नाकामुरानं रिब्का या प्रोग्रॅमला दिली. इंटरनेट चेस क्लबवरचा तीन मिनिटांचा डाव; चालला २७१ चाली. भागाकार करून बघा, चालीला पाऊण सेकंदसुद्धा येत नाही. त्यानं प्याद्यांची भिंत घालून पट गच्च बंद केला आणि भिंतीमागं मोहरे इकडून तिकडं हलवत बसला. पन्नास चालींत कुणी प्यादं हलवलं नाही, मोहरा मारला नाही, तर डाव बरोबरीत धरता येतो. रिब्काच्या हिशोबात ती स्वतः पुढं होती, तिला बरोबरी नको होती. म्हणून पन्नास भरायला आले की ती आपलंच एखादं प्यादं पुढं ढकलायची. असं करता करता तिनं आपलंच कुंपण मोडलं आणि हरली.

हा किस्सा ऐकून लगेच भिंत घालायला पळू नका. २०२० मध्ये स्टॉकफिश १२ आलं, त्यात न्यूरल नेटवर्क घातलं, आणि बंद पटातलंही त्याला चांगलं कळायला लागलं. आजच्या यंत्राला भिंत दाखवून फसवता येत नाही. मी तरीही भिंत घालते, कारण वेगळं आहे: मला कमी बघावं लागतं. उघड्या पटावर दर चालीला दहा धमक्या तपासाव्या लागतात, बंद पटावर तीन. दोन सेकंदांत माझ्याच्यानं तीनच होतात.

माझी भिंत अशी: पांढरी प्यादी डी४, ई३, एफ४ आणि सी३ (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). जुनी मांडणी आहे, स्टोनवॉल म्हणतात. घोडा एफ३ वर, उंट डी३ वर, राजाच्या बाजूला किल्लेकोट. पहिल्या आठ चाली न बघता होतात, म्हणजे घड्याळात उलट वेळ वाढते. काळा सी५ करून डी४ च्या प्याद्याला डिवचेल. मारायला जाऊ नका. त्यानं मारलं तर ई३ च्या प्याद्यानं परत घ्या, सी३ चं जागचं हलवू नका. हे मला कळायला वीसेक डाव लागले. मी दरवेळी सी-प्याद्यानं घ्यायची, ती उभी रांग दोन्हीकडून सताड उघडी व्हायची आणि त्यातून हत्ती घरात.

भिंत झाली की अदलाबदल. जो मोहरा मारामारीला येईल तो बरोबरीनं देऊन टाका: उंटाला उंट, हत्तीला हत्ती. मुलांना मी अपूर्णांकावरून सांगते: तुमच्याकडं एकूण ३९ गुणांचे मोहरे, त्याच्याकडं ३०. दोन्हीकडून वीस-वीस काढले तर १९ आणि १० उरतात. फरक नऊचाच, पण आता जवळजवळ दुप्पट.

आणि सगळ्यात आधी घोडे मारा.

हे सांगायला जरा थांबते, कारण माझे निम्मे डाव यातच गेले. एक डाव अजून डोळ्यांसमोर आहे. माझा राजा जी१ वर, वजीर सी३ वर; काळा घोडा एफ४ वर येऊन बसलेला. मी एक वजीर वर, घड्याळात दीड मिनिट, सगळं छान. वजिराच्या बाजूचं त्याचं एक प्यादं फुकट दिसलं आणि मी उंटानं ते टिपलं. तोच उंट ई२ हे घर राखून होता. घोडा ई२ वर: शह. राजा हलवला, वजीर गेला. आता पटावर एका प्याद्याचा फरक आणि समोर यंत्र. टॅबलेट उपडा ठेवला आणि ओट्यावरची भांडी घासली, बाई सकाळी येणार होती तरी.

भांडी घासताना सुचलं ते शाळेतलंच आहे. घोडा ज्या रंगाच्या घरात बसतो, त्याच्या विरुद्ध रंगाच्याच घरांवर मारा करतो. नेहमी. ई२ पांढरं, म्हणजे तिथून तो फक्त काळी घरं मारणार. जी१ काळं. सी३ काळं. म्हणजे राजा आणि वजीर मी स्वतःच एका रंगावर मांडून ठेवले होते! दोघं वेगवेगळ्या रंगांवर असतील तर कुठलाही घोडा, कुठूनही, दोघांना एका चालीत पकडूच शकत नाही. तेव्हापासून नियम केला: किल्लेकोटानंतर राजा जी१ वर, काळ्या घरात, तर वजीर पांढऱ्यावर: डी१, सी२, ई२. राजा एच१ वर सरकला तर उलट. हे तपासायला अर्धा सेकंद पुरतो, रंग नुसता नजरेला दिसतो. माझ्या वहीत घोड्यापायी गेलेले डाव यानंतर एकदम उतरले.

वही ठेवाच. प्रत्येक हरलेल्या डावापुढं मी एकच अक्षर लिहिते, आणि योगायोगानं तिन्ही कारणं घ ची निघाली: घोडा, घड्याळ, घाई. म्हणून घो, ड्या, ई. पहिल्या शंभर डावांत एकूण ८४ हार, ९ बरोबरी, ७ विजय. त्या ८४ मध्ये ४१ घो. विश्लेषणाची ती रंगीत आलेखवाली पानं बघत बसण्यापेक्षा ही तीन अक्षरं मला जास्त उपयोगी पडली.

घाईचं मोठं मूळ म्हणजे प्रीमूव्ह, समोरच्याची चाल व्हायच्या आत आपली ठरवून ठेवणं. लिचेसवर त्याला वेळ लागत नाही, म्हणून मोह होतो. माणसाविरुद्ध चालतं. यंत्राविरुद्ध मी फक्त एका ठिकाणी करते: त्यानं मारलं तर परत मारायचं, दुसरं काहीच शक्य नाही तेव्हा. बाकी वेळा बोट पटापासून दूर.

किरकोळ तयारीचं पटकन सांगते. सेटिंगमध्ये प्याद्याच्या बढतीला आपोआप वजीर होऊ द्या, तो छोटा चौकोन उघडून निवडण्यात दोन सेकंद जातात. आमच्या मामंजींना हे अजिबात चाललं नसतं. ते देशी पद्धतीनं खेळायचे, ज्या मोहऱ्याच्या रांगेत प्यादं पोचलं तोच मोहरा मिळायचा. "हत्तीच्या दारातून आत गेलं तर वजीर कसा होईल गं?" असं मला लग्नानंतरच्या पहिल्याच डावात विचारलं होतं. चाल ओढून करायची की दोनदा टिचकी मारून, हे एकदा ठरवा आणि बदलू नका. वायफाय जरा अडखळलं तर लिचेस थोडी वेळ भरून देतं, पण नवरात्रात रात्री शेजारी गरब्याचे व्हिडिओ चढवत असतात तेव्हा मी खेळतच नाही. आणि टॅबलेटची काच आधी तपासा. माझा टॅबलेट जुना, कुणाकडून तरी घेतलेला. उजव्या खालच्या कोपऱ्यात बोटच लागत नाही. नेमकं एच१ चं घर. चार डाव मी समजत होते की घाबरून माझा हत्ती हलत नाहीये. आता टॅबलेट आडवा धरते, पट सरकतो, हत्ती हलतो.

घड्याळात वीस सेकंद उरली की नवा बेत आखू नका. तेव्हा फक्त तीन गोष्टी: शह आहे का, माझं काही फुकट जातंय का, अदलाबदल मिळतेय का. यासाठी आधी एकट्या राजाला राजा-वजिरानं मात देणं बोटांत बसलं पाहिजे. बोर्ड एडिटरमध्ये तेवढेच तीन मोहरे मांडा आणि तीस सेकंदांत मात होईपर्यंत रोज पाचदा करा. वजीर त्याच्या राजापासून घोड्याच्या चालीइतका लांब ठेवत त्याला कडेला न्या. कडेला गेला की मात्र थांबून बघा. कोपऱ्यातल्या राजापासून वजीर घोड्याच्या चालीवर आला की त्याला एकही घर उरत नाही, शहही नसतो, आणि डाव स्टेलमेट. माझ्या नऊ बरोबऱ्यांतल्या पाच अशाच गेल्यात.

एक पथ्य. हे सगळं बॉटशी, ज्याच्या नावापुढं बॉट लिहिलंय त्याच्याशी. माणसाशी खेळताना दुसऱ्या खिडकीत यंत्र उघडायचं नाही. क्लासमधल्या एका मुलाचं खातं यापायी बंद झालं. बाप माझ्याकडं तक्रार घेऊन आला, जणू मी बंद केलं. त्याला चहा पाजून परत पाठवला.

रात्री तीन डाव, बस. तीन हरले की चौथ्यात घोडा दिसत नाही, हे वहीत स्पष्ट आहे: चौथ्या डावापुढं जवळजवळ सगळीकडं घो.

लीलाला मी पहिल्यांदा मात दिली ती यंदा वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, रात्री. दिवसभर गच्चीवर होते, बोटाला मांज्यानं कापलेलं, पट्टी लावलेली, त्यामुळं चाली डाव्या हातानं. कदाचित म्हणूनच सावकाश. ५३ चाली, दोन्ही घोडे बाराव्या चालीपर्यंत पटाबाहेर, घड्याळात अकरा सेकंद शिल्लक. ह्यांना उठवून दाखवलं. झोपेत म्हणाले, "वजीर होता ना पण त्याच्याकडं?"

नव्हता. दुसऱ्या दिवशी नववीतल्या त्या पोरालाही दाखवलं, आता दहावीत आहे. तो म्हणाला, "काकू, मग आता फक्त हत्ती काढून खेळा." गेल्या सोमवारपासून तसं खेळतेय. अकरा डाव झाले. वहीत अकराही वेळा घो.